टोंगळ्याचं दुसरं ऑपरेशन: दोर आतून बांधायचा की ताण बाजूनं द्यायचा

तिचा टोंगळा, म्हणजे गुडघा, दुसऱ्यांदा गेला तेव्हा समोरच्या टीममधल्या कोणी तिला हातसुद्धा लावला नव्हता. कबड्डीची रेड होती, बोनस घेऊन ती मागं वळली, उजवा पाय मॅटवर रोवलेला तसाच राहिला आणि वरचं अंग फिरून गेलं, आतून कट्ट असा आवाज आला जो फक्त तिलाच ऐकू आला. दसऱ्याच्या आसपासची गोष्ट. पहिल्या ऑपरेशनला तेव्हा जेमतेम सात महिने झाले होते आणि पोरगी होती १८ वर्षांची.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या बाजूला फिजिओथेरपीची छोटी ओपीडी चालवते. माझ्याकडे कंबर, मान, लकव्याचे पेशंट जास्त, एसीएलचे (टोंगळ्याच्या आतली एक दोरी, लिगामेंट) वर्षाला मोजके. तरी हे प्रकरण मी पूर्ण लिहून काढतेय कारण ग्राफ्टला (तुटलेल्या दोरीच्या जागी पेशंटच्याच अंगातून काढून बसवलेली दोरी) "मजबुती" द्यायची म्हणजे नक्की काय करायचं यावर या एका पोरीच्या पायावर जितकी चर्चा झाली तितकी मी कुठेच ऐकली नव्हती, आणि आपल्याकडचे बरेच पेशंट, खरं तर बरेच थेरपिस्टसुद्धा, मजबुती म्हणजे आत काहीतरी जाड टाकणं एवढंच समजतात. पोरीला आणि तिच्या बाबांना विचारूनच लिहितेय, नाव-गाव टाकत नाही.

आधी थोडं एसीएलबद्दल, ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढं जा. टोंगळ्याच्या आत मांडीच्या हाडापासून नडगीच्या हाडापर्यंत तिरपी गेलेली ही दोरी, तिची दोन कामं. एक म्हणजे नडगी पुढं सरकू न देणं, दुसरं म्हणजे नडगी आतल्या बाजूला जास्त फिरू न देणं. पहिलं काम सगळ्यांना समजतं, तपासायलाही सोपं, लॅचमन टेस्ट करा, कळतं. दुसरं काम तपासायला पिव्होट शिफ्ट (नडगी आत फिरवत टोंगळा वाकवून ती सटकते का पाहणं) करावी लागते आणि पेशंटनं पाय घट्ट धरून ठेवला तर ती नीट येतच नाही, भूल दिल्यावरच खरी समजते. कबड्डीत पाय सटकतो तो या दुसऱ्या कामात कमी पडला म्हणून.

पहिलं ऑपरेशन झालं ते होळीनंतर, एका शहरातल्या हॉस्पिटलमधे. डिस्चार्ज कार्डावर एका ओळीत एवढंच होतं, हॅमस्ट्रिंग ग्राफ्ट, ७ मिमी, वर बटन खाली स्क्रू. पिव्होट शिफ्ट किती होती, मेनिस्कसची (दोन हाडांमधली गादी) मागची बाजू पाहिली का, काहीच नाही. ऑपरेशन वाईट झालं होतं असं मी म्हणत नाही, पुढं सीटी स्कॅनमधे बोगदे (ग्राफ्ट ओवायला हाडात पाडलेली भोकं) बरोबर जागी निघाले. पण ७ मिमी हा आकडा तेव्हाच कोणाला तरी खटकायला हवा होता. अमेरिकेतला २०१२ चा २५६ पेशंटचा एक अभ्यास आहे, त्यात ८ मिमीपेक्षा जाड ग्राफ्टवाल्यांमधे १.७ टक्के लोकांना पुन्हा ऑपरेशन लागलं, ७.५ ते ८ मधे ६.५ टक्के आणि ७ किंवा त्याहून बारीक असेल तर १३.६ टक्के. आपल्याकडं सडपातळ पोरींच्या हॅमस्ट्रिंगच्या, म्हणजे मांडीच्या मागच्या, नसा बारीकच निघतात (लोक नसाच म्हणतात, खरं तर त्या स्नायूच्या दोऱ्या, टेंडन), ती काही कोणाची चूक नाही, पण बारीक निघाली हे पेशंटला सांगितलं पाहिजे आणि पुढचं वेळापत्रक त्याप्रमाणे लावलं पाहिजे.

आता माझा भाग. पहिल्या वेळी ती माझ्याकडे सहा वेळा आली आणि मग बंद झाली. पेरणीचे दिवस होते, घरी माणूस नव्हता, एसटीची एकच सकाळची गाडी. मी एकदाही फोन केला नाही. पाय पूर्ण सरळ होत होता, सूज नव्हती, मला वाटलं ठीक चाललंय. पाचव्या महिन्यात ती ग्राउंडवर उतरली हे मला कळलं ते ग्राफ्ट तुटल्यावर. हे मला अजून सलतं आणि दुसऱ्या वेळी मी जे काही केलं त्याच्या मागं हेच होतं.

दुसऱ्यांदा ती आली तेव्हा मी सगळं पहिल्यापासून तपासलं. लॅचमनला नडगी सरळ पुढं येत होती आणि शेवटी अडतच नव्हती. पिव्होट शिफ्ट जितकी तिनं करू दिली तितक्यातच खटकन सरकली. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चांगला डावा टोंगळासुद्धा तिचा मागं झुकायचा, साधारण १० अंश, कोपरं उलटी वळायची, अंगठा मनगटाला टेकायचा. सांधे ढिले असण्याची जी ९ गुणांची बायटन चाचणी असते त्यात तिला ६ मिळाले. म्हणजे पोरगी जन्मानंच लवचीक, त्यावर बारीक ग्राफ्ट, त्यावर वळण्याचा खेळ, त्यावर पाच महिन्यात मैदान. सराव सगळा गावच्या मातीवर आणि स्पर्धा बूट घालून मॅटवर, तिथं पाय जास्त धरतो, माती थोडा घसरू तरी देते. हे शेवटचं माझं मत आहे, पण मला ते पटतं.

एमआरआयमधे ग्राफ्ट तुटलेला स्पष्ट होता, आतल्या मेनिस्कसच्या मागच्या कडेला थोडी शंका. नागपूरच्या ज्या सर्जनकडे मी तिला पाठवलं त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे जुनं डिस्चार्ज कार्ड बाजूला ठेवून नवे एक्सरे आणि सीटी. बोगदे किती रुंद झालेत ते पाहिलं, १० मिमीच्या आत होते, म्हणजे आधी हाड भरून काही महिने थांबायची गरज नाही, एकाच वेळी काम होईल. बोगदे फार रुंद झाले असते तर दोन ऑपरेशनं लागली असती. मग बाजूनं काढलेल्या एक्सरेवर नडगीच्या वरच्या पृष्ठभागाचा उतार मोजला. हा उतार मागच्या बाजूला जितका जास्त तितकी मांडीचं हाड मागं घसरायची आणि नडगी पुढं यायची ओढ जास्त, ग्राफ्टवर रोजचा ताण. साधारण १२ अंशांच्या वर असेल आणि ग्राफ्ट परत परत तुटत असेल तर हाड कापून उतार कमी करण्याचाही विचार होतो. तिचा ८ निघाला. तो विषय तिथेच मिटला.

मग आला टेपचा विषय. तिच्या मावसभावानं मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ पाहिला होता आणि घरी सांगितलं होतं की आता आतमधे एक पट्टी टाकतात, खेळाडू त्यावर लवकर उतरतात. माझ्या ओपीडीत तिचे बाबा म्हणाले,

"मॅडम, एक तार टाकतात म्हणे आतमंधी. ते टाकली का मंग लवकर खेळता येते म्हणे."

मी कागदावर चित्र काढून सांगितलं. तार नाही, पॉलिइथिलीनची विणलेली चपटी पट्टी असते, साधारण २ मिमी रुंद, फार चिवट, सुचर टेप म्हणतात. ग्राफ्टच्या सोबतीनं ती बोगद्यातून जाते, पण तिची दोन्ही टोकं ग्राफ्टपासून वेगळी बांधायची असतात. आणि ती ग्राफ्टपेक्षा कणभर ढिली ठेवायची, पाय पूर्ण सरळ असताना बांधायची. रोजचं वजन ग्राफ्टनं घ्यायचं, अचानक हिसका बसला आणि ग्राफ्ट जास्त ताणला गेला तरच टेपनं धरायचं.

"म्हणजे मोटारीच्या दोरावानी," ते म्हणाले. "बोअरमंधी मोटार सोडतो तं पाइपासंग नायलॉनचा दोर सोडतो. वजन सारं पाइपावर, दोर जरासाक ढिला. पाइप तुटला तं दोर धरते, मोटार खाली जात नाई."

इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं. तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगते.

पण या दोराची एक गोष्ट वेगळी आहे आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. पाइप लोखंडाचा किंवा प्लास्टिकचा, तो आज जसा आहे तसाच उद्या. ग्राफ्ट तसा नाही. काढून लावलेला टेंडन सुरुवातीला रक्तपुरवठा नसलेला धागा असतो, मग त्यात हळूहळू नवीन रक्तवाहिन्या शिरतात, पेशी बदलतात, जुना धागा विरघळत जातो आणि नवा बनत जातो, आणि या अदलाबदलीत पहिले दोन-तीन महिने तो उलट जास्त नाजूक होतो. पूर्ण पिकायला वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. आणि तो पिकतो कशावर, तर मापात पडणाऱ्या ताणावर. टेप घट्ट बांधली तर सगळा ताण टेप खाते आणि ग्राफ्ट बिनकामाचा पडून राहतो, मग वर्षानं टेप झिजली की मागं उभं राहायला कोणी नाही. म्हणून टेप टाकायची तर सैल किती ठेवायची यात सर्जनचा हात लागतो. ही भीती नवीन नाही. १९८० च्या दशकात कार्बन फायबर, डॅक्रॉन, गोर-टेक्स अशा कृत्रिम लिगामेंटचा बराच प्रयोग झाला होता, त्यांचे बारीक कण सांध्यात सुटून सूज यायची, लिगामेंट ढिली व्हायची, तुटायची, आणि ती बहुतेक मागं पडली. आजची टेप ती नाही, ती ग्राफ्टच्या जागी नाही तर ग्राफ्टच्या सोबत जाते, पण तो इतिहास माहीत असलेले सर्जन टेपकडे जपूनच पाहतात. प्रयोगशाळेत टेप लावलेला ग्राफ्ट कमी ताणला जातो आणि जास्त भार सोसतो हे दिसलंय. खेळाडूंमधे त्यानं पुन्हा तुटणं नक्की किती कमी होतं याचा तितका भक्कम पुरावा मी वाचलेला नाही.

"मंग दोर टाकूनच घ्या नं, नुकसान तं नाई. पैशाचं पाहू आपण," बाबा म्हणाले. कापूस अजून शेतातच होता आणि हा माणूस पैशाचं पाहू म्हणत होता. मी तेव्हा खरं तर त्यांच्याच बाजूनं होते. लवचीक पोरगी, तुटलेला ग्राफ्ट, दोर असलेला बरा, असंच मला वाटत होतं.

नागपूरला सर्जननी जो प्रश्न विचारला त्यानं माझं मत बदललं. त्यांनी विचारलं, हिचा पाय कुठल्या दिशेनं जातो? पुढं की फिरून? ती तर फिरताना पडली होती, दोन्ही वेळा. ते म्हणाले की सांध्याच्या मधोमध टाकलेली टेप फिरणं थांबवायला फार उपयोगाची नाही, कारण ती फिरण्याच्या अक्षाच्या अगदी जवळ आहे. फिरणं थांबवायचं तर बाहेरून, लांबून धरलं पाहिजे. दाराला आतल्या बिजागरीजवळ हात लावून थांबवून बघा आणि मग कडीजवळ धरून बघा, फरक कळेल.

बाहेरून धरायची ही कल्पना जुनीच आहे. पॉल सेगाँ या फ्रेंच सर्जननं १८७९ मधे टोंगळ्याच्या बाहेरच्या-पुढच्या बाजूला एक मोत्यासारखा चकाकणारा तंतूंचा पट्टा पाहिला होता, नडगी जोरात आत फिरवली की तो ताणला जायचा, आणि तिथून हाडाचा छोटा टवका निघतो त्याला आजही सेगाँ फ्रॅक्चर म्हणतात. एमआरआयच्या जमान्यातही साध्या एक्सरेवर तो टवका दिसला की एसीएल गेली असं धरूनच पुढं चालतात. १९६७ मधे मार्सेल लमेर यांनी मांडीच्या बाहेरून येणाऱ्या आयटी बँडची पट्टी वापरून बाहेरून ताण द्यायची पद्धत सांगितली. तेव्हा बरेच जण आतला एसीएल न बसवता फक्त हेच करायचे, ते टिकलं नाही, वर महिना-दोन महिने प्लास्टर, पाय आखडायचे, आणि दुर्बिणीचं ऑपरेशन आल्यावर ही पद्धत मागं पडली. २०१३ मधे बेल्जियमच्या ल्यूव्हेनच्या सर्जननी तोच बाहेरचा पट्टा पुन्हा नीट मोजून-मापून मांडला आणि सगळ्यांचं लक्ष परत तिकडं गेलं. आता आतला ग्राफ्ट आणि बाहेरचा ताण, दोन्ही सोबत करतात.

याला मोठा आधार मिळाला २०२० मधे आलेल्या स्टॅबिलिटी नावाच्या अभ्यासातून. कॅनडा आणि युरोपातले १४ ते २५ वयाचे ६१८ पेशंट, सगळ्यांना हॅमस्ट्रिंग ग्राफ्ट, चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले, अर्ध्यांना फक्त एसीएल, अर्ध्यांना एसीएल आणि बाहेरून लमेर पद्धतीची पट्टी, जिला एलईटी म्हणतात. दोन वर्षांनी नुसत्या एसीएलवाल्यांमधे ११ टक्के ग्राफ्ट तुटले, पट्टीवाल्यांमधे ४ टक्के. आणि निवडले कसे होते, तर पिव्होट शिफ्ट जास्त, सांधे ढिले, वळण्याच्या खेळात परत जायचंय, यातलं दोन तरी हवं. आमच्या पोरीकडं तिन्ही. मी आकडे वाचले तेव्हा वाटलं हे तिच्याचसाठी लिहिलंय. सर्जननी लगेच सांगितलं की तो अभ्यास पहिल्या ऑपरेशनचा आहे, हिचं दुसरं आहे, तेव्हा हे आकडे तसेच्या तसे हिला लावायचे नाहीत, पण दिशा तीच. मला हा प्रामाणिकपणा आवडला.

बाबांना मी परत सांगायला बसले तर त्यांनीच वाट काढून दिली. लाईटची लाइन जिथं वळते तिथल्या खांबाला बाजूनं तारेचा ताण दिलेला असतो, खांब कितीही जाड असला तरी. "म्हणजे खांब जाड करून भागत नाई, बाजूनं ताण पायजे." बरोबर तेच.

ऑपरेशन संक्रांतीच्या आधी झालं. टेप टाकली नाही. जुन्या हॅमस्ट्रिंग तर गेल्याच होत्या, मग ग्राफ्ट कुठून घ्यायचा यावर थोडी चर्चा झाली. वाटीखालच्या टेंडनचा, म्हणजे बीटीबीचा ग्राफ्ट मजबूत असतो पण टोंगळ्यावर टेकून बसताना पुढं दुखतं, आणि हे घर खाली बसून जेवणारं, चुलीपाशी बसणारं, शेतात टोंगळे टेकवणारं. घोट्याजवळचा पेरोनियस लाँगस आपल्या देशात बराच वापरतात, पण रेड मारणाऱ्या पोरीचा घोटा सर्जनला दुखवायचा नव्हता. शेवटी वाटीच्या वरचा क्वाड्रिसेप्स टेंडन घेतला, ९.५ मिमी जाड निघाला. मग दुर्बीण मागच्या कोपऱ्यात नेऊन मेनिस्कसची कड पाहिली आणि तिथं तो फाटका निघाला ज्याला रॅम्प म्हणतात, मेनिस्कस जिथं मागच्या पडद्याला चिकटतो तिथंच उसवलेलं. हे एमआरआयमधे बऱ्याचदा निसटतं कारण एमआरआय काढताना पाय सरळ असतो आणि उसवलेली फट मिटून जाते. ती फट तशीच राहिली तर नडगी पुढं सरकत राहते आणि नवीन ग्राफ्ट एकटाच ओढत बसतो. माझ्या मते या ऑपरेशनमधली खरी मजबुती जितकी बाहेरच्या पट्टीत आहे तितकीच या टाक्यांमधे आहे आणि त्याबद्दल कोणीच बोलत नाही.

बाहेरची पट्टी अशी केली. आयटी बँडमधून १ सेमी रुंद, ८ सेमी लांब पट्टी कापली, खालचं टोक नडगीवर जिथं आपोआप चिकटलेलं असतं तिथंच राहू दिलं, वरचं टोक सोडवून बाहेरच्या लिगामेंटच्या खालून नेलं आणि मांडीच्या हाडावर थोडं वर आणि थोडं मागं अँकरनं (हाडात रुतवायची छोटी खुंटी) बसवलं. बसवताना टोंगळा ६० अंश वाकवलेला, पाऊल सरळ, ना आत फिरवलेलं ना बाहेर, आणि ओढ अगदी हलकी. हे हलकी म्हणजे फार हलकी. पाऊल बाहेर फिरवून कचकचीत ओढून बसवलं तर पाय फिरत नाही हे खरं, पण मग सांध्याची बाहेरची बाजू कायमची दाबली जाते. ऑपरेशन नोटमधे हे सगळं लिहिलेलं होतं, अंशांसकट. भूल दिल्यावरची पिव्होट शिफ्ट आधी ग्रेड ३, नंतर शून्य, तेही लिहिलेलं.

पुढचे पंधरा महिने माझे.

पहिले सहा आठवडे मी तिला जवळपास कोंडूनच ठेवलं असं ती म्हणते. कुबड्या, ब्रेस, मेनिस्कसला टाके म्हणून वजन टेकून ९० अंशांच्या पुढं वाकवणं चार महिने बंद. पट्टी काढलेल्या बाहेरच्या बाजूला तिला चांगलंच दुखायचं, पहिल्या ऑपरेशनला असं दुखलं नव्हतं म्हणून घरचे घाबरले. स्टॅबिलिटीच्या पेशंटमधेही पट्टीवाल्यांना सुरुवातीचे काही महिने जास्त दुखलं आणि मांडीची ताकद मागं राहिली, पुढं बरोबरीत आले. हे मी आधी सांगून ठेवायला हवं होतं, नंतर सांगितलं तर समजूत काढल्यासारखं वाटतं. क्वाड्रिसेप्सचाच ग्राफ्ट असल्यानं मांडी तर पार उतरली, करंटच्या मशीननं स्नायू जागा करण्यातच तीन आठवडे गेले. पाय पूर्ण सरळ झाला पाहिजे यावर मी हटून बसले, मात्र डाव्यासारखा मागं झुकलेला नाही, फक्त सरळ.

चौथ्या महिन्यानंतर खरी परीक्षा घरातून आली. जुलै लागला, सोयाबीन आणि कपाशीत निंदण सुरू झालं, आईनं विचारलं, "चालते आता चांगली. निंदाले जाऊ देऊ का हिले?" आता निंदण म्हणजे काय ते शहरातल्या प्रोटोकॉल लिहिणाऱ्यांना कसं माहीत असणार, दिवसभर उकिडवं बसायचं आणि बसल्या बसल्याच पुढं सरकायचं, ओल्या काळ्या मातीत पाय रुतलेला आणि कंबरेतून वळायचं. कोणत्याच तक्त्यात ही ओळ नव्हती. मी सर्जनना फोन केला, दोघांनी मिळून ठरवलं की या हंगामात निंदण नाही, उभ्यानं होणारं काम चालेल, फवारणीचा पंप पाठीवर नाही. आईला एक मजूर जास्त लावावी लागली. हा ऑपरेशनचाच खर्च आहे आणि तो कोणत्याच बिलात येत नाही.

सहाव्या महिन्यात ताकद मोजायची होती. मोठ्या सेंटरमधे यासाठी मशीन असतं, आमच्याकडं नाही. मी तिच्या बाबांचा कापूस तोलायचा लटकता डिजिटल काटा मागवला. खुर्ची खांबाला बांधली, काटा मागच्या खांबाच्या कडीला, पट्टा घोट्याला, टोंगळा ९० अंशांत, आणि पूर्ण जोरानं लाथ मारल्यासारखं ढकलायचं, तीन वेळा, सगळ्यात जास्त आकडा धरायचा. डावा पाय ४१ किलो, उजवा २७. म्हणजे ६६ टक्के. तिला वाटत होतं पाय एकदम बरा झालाय, चालण्यात, पायऱ्यांवर काही फरक नव्हता, ती उड्या मारून दाखवत होती. काट्यावरचा आकडा पाहून गप्प झाली. मी कितीही समजावलं असतं तरी जे झालं नसतं ते त्या काट्यानं केलं, कारण तिच्या घरात काट्यावर विश्वास आहे.

तेव्हाच मी तिला नॉर्वे आणि अमेरिकेतल्या १०६ पेशंटच्या २०१६ च्या अभ्यासाबद्दल सांगितलं. त्यात नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितका लांबवला त्या प्रत्येक महिन्यामागं टोंगळा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी कमी झालं, आणि ताकदीच्या आणि उड्यांच्या परीक्षा पास न होता उतरले त्यातले ३८.२ टक्के पुन्हा दुखावले, पास होऊन उतरले त्यातले ५.६ टक्के. ती म्हणाली, "मंग मी पाचव्या महिन्यात काहून गेली होती?" मी काय बोलणार. तिला ते कोणी सांगितलंच नव्हतं, त्यात मीही आले. टेप टाका, पट्टी टाका, दोन्ही टाका, ग्राफ्ट त्याच्या वेळेनंच पिकतो, पट्टीमुळं एक आठवडाही वाचत नाही, हे मी आता पहिल्याच भेटीत मोठ्या अक्षरात कागदावर लिहून देते.

नवव्या महिन्यात, वेचणी जोरात होती, ३५ आणि ४२. ८३ टक्के. तिची जुनी टीम स्पर्धेला निघाली होती, ती रडली, मी नाही म्हटलं. बाबा तिला म्हणाले, "गोऱ्हा एकदम नांगराले जुपत नाई आपण." ती त्यांच्यावर दोन दिवस रागावून होती. पण आली. या वेळी मी दर आठवड्याला फोन करत होते, गाडी चुकली तर व्हिडिओवर व्यायाम बघायचे. उतरताना टोंगळा आत वळतो का, वळताना पाऊल रोवून राहतं का की टाच उचलून फिरतं, हे तिच्या घराच्या अंगणात आम्ही शेकडो वेळा केलं. आधी सरळ, मग ठरवलेल्या दिशेला वळणं, मग मी ऐनवेळी हात दाखवेन त्या दिशेला.

अकराव्या महिन्यात ४० आणि ४३, म्हणजे ९३ टक्के, एका पायाच्या उड्यांमधेही ९० च्या वर. वर्ष पूर्ण झाल्यावर सर्जननी तपासून सराव सुरू करायला सांगितला, आधी मातीवर, मॅटवर महिन्यानं.

आज पंधरा महिने झाले. लॅचमनला शेवट घट्ट लागतो, पिव्होट शिफ्ट नाही. सगळंच छान आहे असं नाही, मांडी घालून बराच वेळ बसलं की बाहेरच्या जखमेजवळ ओढल्यासारखं होतं, टाच ढुंगणाला टेकायला अजून दोन बोटं कमी पडतात, थंडीत सकाळी आखडतं. रेडला जाताना उजव्या पायावर वळायला ती अजून कचरते, बोनस घेऊन डावीकडूनच परतते, समोरच्या पोरींना ते लवकरच कळेल. डाव्या पायाचीही मला काळजी आहे, एक एसीएल गेलेल्या तरुण खेळाडूंमधे दुसऱ्या पायाची जाण्याचं प्रमाण कमी नाही आणि तिचे सांधे तर दोन्हीकडं तेवढेच ढिले, म्हणून व्यायाम दोन्ही पायांचे, आठवड्यातून दोनदा, सुटी नाही.

एक गोष्ट बाबांनी स्वतःहून केली. ऑपरेशन नोट, सीटीची सीडी, बटन-स्क्रू-अँकरचे स्टिकर लावलेला कागद, माझ्या काट्याचे सगळे आकडे, हे सगळं त्यांनी एका फाईलमधे लावून खताच्या प्लास्टिकमधे गुंडाळून वरच्या फळीवर ठेवलंय, सातबाऱ्याच्या शेजारी. पहिल्या ऑपरेशनचं ते एका ओळीचं कार्डही त्यातच आहे. पुढची तपासणी मृगाच्या आधी, पेरणीच्या गडबडीत गाडी मिळत नाही म्हणून.